नापास माल

चेकरबाईंच्या नजरेतून सुटलेली चूक अजून कोणाच्या अंगावर चढलेली नाही, असं कारखान्यात म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी शर्ट तपासले. शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरपासून सुरुवात करायची, मग खांदे, बाह्या, काजं, बटणं आणि शेवटी खालची दुमड. एका शर्टाला पाऊण मिनिट. चूक दिसली की तिथं लाल बाणाचं बारकं स्टिकर डकवायचं. बाण लागलेला शर्ट दुरुस्तीला जायचा, आणि दुरुस्त होण्यापलीकडचा असेल तर नापास. नापास माल कारखाना किलोवर काढून टाकायचा, आणि तो फाटकाबाहेरच्या हातगाडीवर जाऊन पडायचा. हातगाडीवाला आधी गळ्यातलं कारखान्याचं लेबल कापायचा आणि मग तोच शर्ट ओरडून ओरडून विकायचा. त्या माणसाकडे चेकरबाईंनी कधी सरळ पाहिलं नाही. आपण केलेला केर कोणीतरी उचलून मिरवतोय असं त्यांना वाटायचं.

मिस्त्री त्याच कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त करायचे आणि आपले सगळे शर्ट त्याच हातगाडीवरून घ्यायचे. एकदा ते असाच एक शर्ट घालून बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, हा तुम्हीच नापास केलाय. काय वाईट आहे यात?"

"खिसा तिरका आहे."

"माणूसही जरा तिरकाच आहे. शोभतंय की!"

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. शर्टावरचा बाण मिस्त्रींनी काढू दिला नाही, तो धुऊन धुऊन आपोआप गेला. 'साहेब' हे नाव मात्र बाईंना कायमचं चिकटलं.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा बाईंना एकच प्रश्न पडला होता. हा माणूस दिवसभर घरात बसून करणार काय? उत्तर लेकीनं काढलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथून येताना ती मोबाइल लावायचा एक स्टँड घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला येतं ते लोकांना शिकवा." खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुनं मशीन, समोर स्टँड. 'मशीनवाले काका' असं चॅनेलचं नाव ठेवलं. धागा का तुटतो, सुई का मोडते, बॉबिन का अडकते, असे चार वर्षांत चौऱ्याहत्तर व्हिडिओ झाले. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून बायका लिहायच्या, काका, माझं मशीन चालू झालं.

यावरून घरात एकच भांडण होतं, पण ते चार वर्षं टिकलं. मिस्त्री एका दमात बोलायचे, मध्ये थांबायचे नाहीत आणि झालं की लगेच व्हिडिओ चॅनेलवर चढवायचे. मग अर्ध्या तासानं हाक मारायचे, "साहेब, माल तपासा!"

"अहो, आधी चेकिंग, मग पॅकिंग! माल पाठवून झाल्यावर कोणी तपासतं का?"

"चुकलंच," मिस्त्री म्हणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. इतका हुशार मेकॅनिक, पण एवढी साधी गोष्ट याच्या डोक्यात का शिरत नाही, हे कोडं बाईंना कधीच सुटलं नाही.

मग बाई कागद घेऊन बसायच्या. दोन मिनिटं दहा सेकंद, खोकला, काढा. चार मिनिटं, कारखान्यातली फालतू गोष्ट, काढा. सहा मिनिटं, उगाच हसताय, काढा. मिस्त्री निमूटपणे काढायचे, पहिला व्हिडिओ चॅनेलवरून आणि फोनमधूनही पुसून टाकायचे आणि नवा स्वच्छ चढवायचे. लेक एकदा म्हणाली होती, "आई, बोलू दे ना गं त्यांना." त्यावर बाई म्हणाल्या, "लोक मशीन बघायला येतात. यांचं पाल्हाळ ऐकायला नाही."

मिस्त्री जाऊन आता आठ महिने झाले होते. दुखणं फार दिवस चाललं नाही. ते गेल्यावर जो तो बाईंना म्हणायचा, तुमचं एक बरं आहे, त्यांचे व्हिडिओ आहेत, हवे तेव्हा बघता येतात. बाई बघायच्याही. रोज दुपारी भांडी आटोपली की खिडकीपाशी बसून एकेक लावायच्या. 'नमस्कार. आज आपण सुईची उंची कशी जुळवायची ते पाहू.' अकरा मिनिटं एकसुद्धा शब्द जास्तीचा नाही. शेवटी 'धन्यवाद.' चौऱ्याहत्तर वेळा नमस्कार आणि चौऱ्याहत्तर वेळा धन्यवाद. त्यांत एक उत्तम मिस्त्री होता. बाईंचा माणूस नव्हता. आणि हे सांगायचं कोणाला? ज्या कात्रीनं तो कापला गेला, ती त्यांच्याच हातातली होती.

एका सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. आवाज चढलेला.

"आई, बाबांचे व्हिडिओ चोरलेत! एक साइट आहे, लोकांचे व्हिडिओ उचलायचे, नाव पुसायचं आणि वर जाहिराती चिकटवायच्या, एवढाच धंदा. बाबांचे सगळेच्या सगळे आहेत तिथं."

"आता चोरले?"

"आता कुठले? बाबा होते तेव्हापासून. माणूस बसत नाही गं तिथं, यंत्रच लावून ठेवलेलं असतं. आपण चढवला की पाच मिनिटांत तिकडे उमटतो. मी तक्रार ठोकलीय, आठवड्याभरात बंद पाडतेच की नाही बघ. पण एक यादी लागेल, त्यांचा कुठला आपल्या कुठल्यावरून घेतलाय ती. तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?"

बाईंचा तर पाराच चढला. त्यांनी चष्मा पुसला, वही घेतली आणि लेकीनं पाठवलेलं पान उघडलं.

पान कसलं, बाजारच तो. गुडघेदुखीचं तेल, टकलावर केस, घरबसल्या श्रीमंती. त्या गर्दीत मधोमध एका चौकटीत मिस्त्री, आणि वर मथळा: 'या काकांनी मशीनसोबत जे केलं ते पाहून तुमचा विश्वास बसणार नाही!' मिस्त्रींनी मशीनला फक्त तेल घातलं होतं. कोपऱ्यातलं 'मशीनवाले काका' हे नाव पुसून तिथं भलतंच चिन्ह बसवलेलं. लेबल कापलं मेल्यांनी, असं बाई मोठ्यानं म्हणाल्या.

काम मात्र त्यांनी रीतीनं सुरू केलं. पहिल्यापासून सुरुवात, एकामागून एक, मधला उचलायचा नाही. पहिला व्हिडिओ त्यांनी दोन्हीकडे लावून पाहिला. आपला अकरा मिनिटांचा. त्यांचा चौदा.

चोरानं चोरलं ते चोरलं, वर तीन मिनिटं वाढवली कशी? जाहिराती असणार. बाईंनी चूक पकडायच्या इराद्यानं चोरांचा व्हिडिओ सुरू केला.

"नमस्कार मंडळी! हा आवाज बरोबर येतोय का? येत असेल. तर आज काय करायचं आहे आपल्याला... थांबा, स्क्रू पडला."

मिस्त्री टेबलाखाली गेले. पडद्यावर नुसतं मशीन आणि खिडकी राहिली. खालून आवाज येत होता, "कुठं गेलास रे बाबा? आत्ता तर हातात होतास. साहेब! माझा चष्मा कुठाय?"

आणि मागून, लांबून, स्वयंपाकघरातून एक बाईमाणूस ओरडलं, "डोक्यावर!"

"डोक्यावर आहे म्हणतात," मिस्त्री वर येत मंडळींना म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोन मिनिटं दहा सेकंद, खोकला, काढा. तो कागद त्यांना जसाच्या तसा आठवला. मिस्त्री व्हिडिओ चढवून अर्धा तास बसायचे, त्या अर्ध्या तासात तिकडचं यंत्र तो उचलून न्यायचं; त्याच नावाचा दुसरा मग ते घ्यायचं नाही. इकडे बाईंनी काढायला लावलेलं सगळं तिकडे जागेवर होतं. चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर नापास.

मध्येच पडद्यावर गुडघेदुखीचं तेल आलं. ते बंद करायची फुली इतकी बारीक की दाबायला गेलं तर श्रीमंतीचं पान उघडायचं. बाई मुकाट्यानं पूर्ण जाहिरात बघत बसल्या. तेल लावलेला माणूस जिना चढून गेला, तेव्हा कुठे मिस्त्री परत आले.

मंगळवार, बुधवार आणि गुरुवार बाईंनी दुसरं काही केलं नाही. सकाळी घर आवरलं की खिडकीपाशी. रोज पाच-सहा, क्रमानं. नवव्यात मिस्त्री नव्या सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल करत होते. बाराव्यात मशीनला तेल घालता घालता नीट न येणारं एक गाणं गुणगुणत होते. सतराव्यात तर बाई स्वतःच चहाचा कप ठेवायला आल्या होत्या. पडद्यावर नुसता हात दिसत होता, आणि मिस्त्रींनी त्या हाताकडे बघून मंडळींना सांगितलं होतं, "या हातानं माझा आख्खा जन्म तपासलाय." ते वाक्य आपण आधी ऐकलं होतं का? ऐकलं तर असणारच. ऐकून त्यावर सेकंद लिहिले असणार.

बाईंना मिस्त्री हवे होते. बाकी काही नको होतं, गुडघेदुखीचं तेल बघावं लागलं तरी चालणार होतं, फक्त टेबलाखालून तो माणूस वर यायला हवा होता. आठ महिने आवरून धरलेलं त्या तीन दिवसांत सगळं वाहून गेलं. व्हिडिओ संपला की खोली एकदम गप्प व्हायची, मग त्या घाईघाईनं पुढचा लावायच्या आणि जाहिरात संपायची वाट बघायच्या. नवरा दौऱ्यावरून यायची वाट बघावी, तशी.

वहीत यादी म्हणून एक ओळ नव्हती. गुरुवारी लेकीनं विचारलं, "झाली का गं यादी?"

"चाललंय."

जन्मात कामाच्या बाबतीत त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुझ्या बापाला मीच पुसला, असं पोटच्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? शिवाय मनात एक वेडी आशा होतीच. तक्रारींचं काय, पडून राहतात. आठवड्याचे दोन महिने होतात.

शुक्रवारी सकाळी अकराला फोन आला. लेक आनंदानं ओरडतच होती. "आई, यादी राहू दे! आणखी कितीतरी लोकांनी तक्रारी केल्या होत्या. मान्य झालं. उद्या दुपारपर्यंत साइट बंद!"

बाई खुर्चीत बसल्या. एकोणीस झाले होते. पंचावन्न अजून बघायचे होते.

मग त्या उठल्या, घरातल्या चपला तशाच पायात ठेवून निघाल्या आणि चालत चष्म्याच्या दुकानात गेल्या. लेक एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. आईला असं दारात बघून तिचा चेहराच उतरला.

"काय झालं?"

"ती साइट बंद करू नकोस."

गिऱ्हाईक आरशात बघत राहिलं. लेक आईला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं काचा घासायचं यंत्र घरघरत होतं.

"आई, चोर आहेत ते! बाबांच्या जिवावर गुडघ्याचं तेल विकतायत!"

"चोर आहेत. पण नापास माल सगळा त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे नुसता पास झालेला."

लेकीला काही कळेना. बाईंनी तिच्यासमोर मोबाइल धरला आणि पहिला व्हिडिओ लावला. लेक आधी तेलाच्या जाहिरातीवर चिडली. मग मिस्त्री म्हणाले, "नमस्कार मंडळी!" आणि टेबलाखाली गेले. 'डोक्यावर!' ऐकल्यावर लेक हसली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं तोंडावर हात धरला. घासायचं यंत्र आपोआप थांबलं तरी दोघींना पत्ता नव्हता.

"मी काढायला लावलं सगळं," बाई म्हणाल्या. "तू सांगत होतीस, बोलू दे. मी नाही बोलू दिलं."

लेक 'असू दे' म्हणाली नाही, ते एक बरंच झालं. तिनं तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न करून पाहिला, पण तक्रार करायला दहा बटणं होती आणि मागे घ्यायला एकही नव्हतं. तेव्हा तिनं मालकाला सांगून रजा टाकली.

"एकेक उतरवून घ्यावा लागेल. बघत बसायचं नाही, नुसतं उतरवायचं. कुठला आधी?"

पाऊण मिनिटात शर्टाचा निकाल लावणाऱ्या बाई बराच वेळ नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. रीतीप्रमाणे पहिला. पण पहिल्यापासून गेलं तर खालच्या दुमडीपर्यंत पोचणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"शेवटचा," त्या म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी शर्ट खालून धरला.

दोघी कामाला लागल्या. ती साइट होती रडकी. मध्येच अडकायची, मध्येच जाहिरात उघडायची, उतरत आलेला व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागायचा. लेक लॅपटॉपवर, बाई फोनवर फुल्या दाबत. शुक्रवारचा उरलेला दिवस गेला, शनिवारची सकाळ गेली. दुपारी एक वाजून काही मिनिटांनी लेकीनं पुढचा उघडला, तर पांढरं पान आलं. त्यावर एक ओळ. हे पान आता उपलब्ध नाही.

सत्तेचाळीस मिळाले होते. सत्तावीस गेले. त्यांतला नववा बाईंनी पाहिला होता, सुपरवायझरच्या नकलेचा, तो आता आठवणीतच राहणार होता. आठ तर त्यांनी पुन्हा पाहिलेच नव्हते. त्यांत मिस्त्री काय काय बोलले होते, कोणाला हाका मारल्या होत्या, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. बाईंनी वहीत त्या सत्तावीस व्हिडिओंचे क्रमांक लिहून ठेवले. यादी शेवटी झाली, पण ही.

रविवारी सकाळी लेक घरी आली. खिडकीपाशी टेबल तसंच होतं, मशीनवर कापड घातलेलं. लेकीनं लॅपटॉप त्या मशीनसमोरच ठेवला.

"शेवटचा लावू?"

"लाव."

दवाखान्यात जायच्या चार दिवस आधीचा व्हिडिओ. मिस्त्री बारीक दिसत होते. अंगात तिरक्या खिशाचा शर्ट, उसवलेल्या कॉलरचा. आज जाहिरात नव्हती, एकही नाही. त्यांनी पट्टा कसा बदलायचा ते दाखवलं, मध्ये दोनदा दम घेतला. काम संपलं तरी ते उठले नाहीत. स्वयंपाकघराच्या दिशेनं एकदा बघून घेतलं आणि मोबाइलकडे वाकून हळू आवाजात बोलायला लागले.

"मंडळी, आता एक गंमत सांगतो. तिकडे एक साइट आहे. आपण इथं टाकलं की ते लोक उचलून नेतात, लेबल कापतात आणि विकायला बसतात. मला दुसऱ्याच महिन्यात सापडली होती. पोरीला सांगितलं नाही, ती बंद पाडेल. मला तर बघून बरं वाटलं. म्हटलं, हातगाडीवाला परत भेटला! म्हणून मी आधी टाकतो आणि अर्धा तास गप्प बसतो. त्यांनी नेलं की मग साहेबांना हाक मारतो. आजचं हे बोलणं मात्र साहेबांनी बघण्याआधी मीच कापणार. साहेबांचं बरोबरच असतं, माल स्वच्छच हवा. पण शर्ट मी कायम गाडीवरचेच घातले. आमचं सगळं लग्नच गाडीवरच्या शर्टावर झालंय."

ते पुन्हा हसले, दम लागेपर्यंत. मग मागे टेकले आणि मोठ्यानं हाक मारली, "साहेब! या, काम झालं!"

"अहो, आले! आधी तो कॅमेरा बंद करा," आतून आवाज आला.

"बंद करा म्हणतात," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा हात मोबाइलकडे आला.

"नको," बाई म्हणाल्या.

पडदा काळा झाला. लेकीनं डोळे पुसले आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"बंद करू नकोस."

"संपलाय गं, आई."

"माहीत आहे. चालू राहू दे."